बढती द्या, पण लेबर रूममधून बाहेर काढू नका : आरोग्य विभागाला एका नर्स-मिडवाइफचं खुलं पत्र

प्रति,
सन्माननीय आरोग्यमंत्री, आरोग्य सचिव, आरोग्य सेवा आयुक्त आणि आमच्या बदल्या-बढत्यांच्या फायली ज्यांच्या टेबलावरून जातात ते सगळे अधिकारी,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार,

मी सरकारी नोकरीतली नर्स-मिडवाइफ आहे. जीएनएमचा नर्सिंग डिप्लोमा करून लागले तेव्हापासून ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्ह्याचं सिव्हिल असं फिरत आले आणि यातला बहुतेक काळ लेबर रूममध्येच गेला, तो मी मागून घेतला, कारण मला दुसरीकडे करमतच नाही. आता सिनियॉरिटीने माझं नाव परिसेविकेच्या, म्हणजे वॉर्डाचा कारभार बघणाऱ्या सिस्टरच्या, यादीत वर सरकलंय. घरचे खूश आहेत, सोबतच्या मैत्रिणी पार्टी मागतायत, आणि मला मात्र रात्री झोप लागत नाही, कारण ऑर्डर हातात पडली की माझ्याकडे इन्डेंट, ड्युटी रोस्टर, लिनन आणि स्टॉक रजिस्टर येणार आणि बाळंतिणीच्या पोटावरचा माझा हात जाणार.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. आपल्याकडे नर्सिंगची शिडीच अशी आहे, अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका. प्रत्येक पायरीला पगार थोडा वाढतो आणि बाईपासूनचं अंतर पण वाढतं. जिला पोटाला हात लावल्यावर कळतं की बाळ आडवं आहे, जिला कळांच्या नुसत्या आवाजावरून अंदाज येतो की आता वेळ जवळ आली, ती बाई ऑफिसात सह्या करत बसते आणि कालपरवा पास झालेली पोरगी रात्रपाळीला दोन लेबर टेबलांमध्ये एकटी पळत असते. यात त्या पोरीचा काय दोष? तिला शिकवायला बाजूला कोणी उभंच नसतं.

बाजूला अनुभवी हात असला की काय होतं ते सांगते. ऊसतोडीचा सीझन होता. रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एक पोरगी आली, सोबत सासू आणि मुकादमाचा माणूस. वय अठरा सांगितलं, मला कमी वाटलं. कार्ड गावाकडे आशाताईंकडे राहिलेलं, आठवा महिना की नववा ते कोणाला नक्की सांगता येईना. सासू म्हणत होती नुसतं डोकं दुखतंय, उन्हाचं असेल, एक गोळी द्या, पहाटे परत फडावर जायचंय. मी बीपी बघितला तर १७०/११०. दुसऱ्या हातावर परत बघितला, तेच. लघवीत प्रोटीन, पापण्या सुजलेल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. मेडिकल ऑफिसर दुसऱ्या इमर्जन्सीला गेले होते, फोनवर म्हणाले सिस्टर तुम्ही सुरू करा. झटके टाळणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस म्हणजे ५० टक्क्यांच्या एकेक ग्रॅमच्या दहा अँप्युल फोडायच्या, पाच ग्रॅम एका कुल्ल्यात आणि पाच ग्रॅम दुसऱ्या कुल्ल्यात, खोल आणि हळूहळू, फार दुखतं ते, एकेका बाजूला दहा एमएल औषध जातं. तिने माझ्या ॲप्रनची कड घट्ट धरून ठेवली होती पण तोंडातून शब्द काढला नाही. मग बीपीचं औषध, कॅथेटर, डाव्या कुशीवर झोपवून १०८ मध्ये घातलं आणि जिल्ह्याला फोन करून सांगितलं की पेशंट निघालीय, डोस या वेळेला दिलाय, थिएटर तयार ठेवा. रस्त्यात झटके आले नाहीत. सिझर झालं, आई आणि बाळ दोघं वाचले.

हे औषध महाग नाही, नवीनही नाही. २००२ सालच्या मॅगपाय नावाच्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की प्री-एक्लॅम्पसियाच्या, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून झटक्यांचा धोका असलेल्या, बाईला हे दिलं की झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो. म्हणजे उपाय सगळ्यांना माहीत आहे, औषध स्टोअरमध्ये पडलेलं आहे, प्रश्न फक्त इतकाच उरतो की रात्री त्या खोलीत जी उभी आहे तिला ते ओळखता येतं का, तिच्या हाताला सवय आहे का आणि ते द्यायचा अधिकार तिच्याकडे आहे का. माता मृत्यूचा विषय मला इतकी वर्षं असाच दिसलाय.

आणि त्या पोरीचं अजून एक सांगायचं राहिलं. ती गावच्या रजिस्टरला स्थलांतरित होती आणि आमच्या रजिस्टरला नोंदणी नसलेली होती. दोन्हीकडे नाव होतं आणि दोन्हीकडे तिची जबाबदारी कोणाचीच नव्हती. कारखान्यांच्या पट्ट्यात दरवर्षी अशा किती पोटुशा पोरी येतात ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

आता आकड्यांचं बोलू, कारण मीटिंगमध्ये नेहमी आकडेच दाखवले जातात. एसआरएसच्या, म्हणजे केंद्राच्या नमुना नोंदणी सर्व्हेच्या, २०१८-२० च्या अहवालात महाराष्ट्राचं माता मृत्यूचं प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३, देशाचं ९७, आणि शाश्वत विकासाचं २०३० पर्यंतचं टार्गेट ७० च्या खाली. म्हणजे कागदावर आपण केव्हाच पास झालोय. याचा मलाही अभिमान आहे, २००५ ची जननी सुरक्षा योजना, २०११ चं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम, १०८ च्या गाड्या, उन्हातान्हात फिरणाऱ्या आशाताई आणि आरोग्यसेविका, सगळ्यांनी मिळून हा आकडा खाली खेचून आणलाय. पण हा आकडा अख्ख्या राज्याचा आहे, एसआरएस जिल्ह्याचा आकडा देतच नाही. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलची बाई आणि धडगावच्या डोंगरातल्या पाड्यावरची बाई याच ३३ मध्ये एकत्र मोजली जाते. धडगाव, अक्कलकुवा, धारणी, चिखलदरा, भामरागड, एटापल्ली, या आदिवासी तालुक्यांचा आकडा वेगळा काढून समोर ठेवला तर आपल्यापैकी कोणीच टाळ्या वाजवणार नाही असं मला खात्रीने वाटतं.

एनएफएचएस-५, म्हणजे २०१९-२१ चा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे, म्हणतो राज्यात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. छान आहे. उरलेल्या पाचेक टक्के बायका बहुतेक करून कोण असतील ते वेगळं सांगायला नको, पावसाळ्यात जिथे नाला ओलांडता येत नाही आणि बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं तिथल्याच त्या. त्याच सर्व्हेत देशभरात खासगी दवाखान्यात ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने आणि सरकारीत १४.३ टक्के. म्हणजे एका बाईचं नको असताना पोट कापलं जातं आणि दुसरीला सिझर पाहिजे असतं तेव्हा ते मिळायला काही तास प्रवास करावा लागतो. दोघींवरही अन्यायच आहे, आणि दोघींच्याही बाबतीत कळांच्या काळात शेजारी बसणारी, वाट बघणारी आणि नक्की कधी थांबू नये हे कळणारी शिकलेली मिडवाइफ असती तर फरक पडला असता. नॉर्मल डिलिव्हरीला लागतो वेळ. डॉक्टरांकडे तो नसतो, त्यांना ओपीडी आहे, थिएटर आहे, पोस्टमॉर्टेम पण आहे. आमचं कामच ते आहे, थांबणं आणि बघत राहणं.

हे काही मी एकटी म्हणत नाही. लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात गणित मांडलंय की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मिडवाइफची सेवा सगळ्या बायकांपर्यंत पोचली तर २०३५ पर्यंत ६७ टक्के माता मृत्यू टळू शकतात, बाळांचे धरून वर्षाला ४३ लाख जीव. शेजारच्या श्रीलंकेने पैसा नसताना गावोगाव पब्लिक हेल्थ मिडवाइफ नेमून हे करून दाखवलं. आपल्या केंद्र सरकारनेही २०१८ च्या डिसेंबरमध्ये मिडवायफरी सेवांच्या गाइडलाइन काढल्या, नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरीचा १८ महिन्यांचा कोर्स आणला, मिडवाइफने चालवायचे वेगळे युनिट सांगितले. तेलंगणाने तर २०१७ लाच सुरुवात केली होती. १९४७ च्या जुन्या नर्सिंग कौन्सिलच्या कायद्याची जागा घ्यायला २०२३ साली नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा कायदा पण आला. कागद कुठेच कमी पडलेला नाही.

मग अडतं कुठे, तर पोस्टिंगला. माझ्या ओळखीतली एक मुलगी, हुशार, हाताला हलकी, ती घरात लहान मूल सोडून दीड वर्ष कोर्सला राहिली. जगभरातले मिडवाइफ शिकवतात ते सगळं शिकून आली, बाईला टेबलावर आडवं न पाडता कुशीवर, उकिडवं, धरून उभं राहून बाळंत कसं करायचं, सरसकट टाके पडतील असा छेद का घ्यायचा नाही, पोटावर जोर का द्यायचा नाही. परत आली आणि तिच्या हॉस्पिटलने तिला लावलं मेल सर्जिकल वॉर्डला. का, तर स्टाफ कमी आहे आणि रोटेशन सगळ्यांना सारखं. ती आता ड्रेसिंग करते. चांगलं करते, पण सरकारने तिच्यावर दीड वर्ष खर्च केला तो याच्यासाठी का? लेबर रूम सुधारण्याचा केंद्राचा लक्ष्य कार्यक्रम २०१७ साली आला तेव्हापासून प्रत्येक ट्रेनिंगमध्ये आम्ही ऐकतोय की लेबर रूमचा शिकलेला स्टाफ हलवायचा नाही, आणि प्रत्यक्षात रोस्टर बनवताना सगळ्यात आधी तोच हलतो.

रोटेशनने काय जातं ते बाहेरून दिसत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाळ बाहेर आलं, सगळे बाळाकडे बघतात, आजी विचारते मुलगा का मुलगी, आणि खरी धोक्याची वेळ तेव्हा सुरू होते. एका मिनिटात गर्भपिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन १० युनिट मांडीत गेलं पाहिजे, आणि ते ऑक्सिटोसिन २ ते ८ डिग्रीला फ्रीजमध्ये ठेवलेलं पाहिजे, ट्रेमध्ये दिवसभर उन्हाळ्यात पडलेलं नाही, नाहीतर आपण इंजेक्शन दिलं असं समजतो आणि पिशवी तशीच ढिली राहते. वार आली की ती पूर्ण आहे का ते पसरून, उलटून बघायचं. मग पोटावरून पिशवी चाचपायची, ती नारळासारखी कडक लागली पाहिजे. अंगावरून किती गेलं हे डोळ्यांनी बघून कोणालाच नीट सांगता येत नाही, मलाही नाही, कपड्यात आणि चादरीत मुरलेलं रक्त नेहमी कमीच वाटतं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात बाईच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावली, ५०० एमएलच्या खुणेपर्यंत रक्त गेलं की पोटावरून गर्भपिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड, सलाइन आणि रक्त कुठून येतंय ते तपासणं, हे सगळं एकामागून एक वाट न बघता एकदमच सुरू केलं, आणि जास्त रक्तस्राव होऊन गंभीर होणाऱ्या बायका ६० टक्क्यांनी कमी झाल्या. ते करणाऱ्यांत बहुतेक मिडवाइफच होत्या. आता विचार करा, आपल्या राज्यात जवळपास निम्म्या गरोदर बायकांना ॲनिमिया आहे, म्हणजे जेवढं रक्त गेलेलं एखादी धडधाकट बाई सोसेल तेवढ्यात आपली बाई कोसळते. तिथे हे सगळं हाताला आपोआप आलं पाहिजे. तीन महिने आयसीयू, तीन महिने ऑर्थो, मग लेबर रूम असं फिरवलं तर ते हाताला येत नाही हो, कितीही हुशार पोरगी असू द्या.

दुसरी गोष्ट वागणुकीची, आणि यावर मी मोकळेपणाने लिहिणार, कोणाला राग आला तरी. आपल्या लेबर रूममध्ये बायकांना ओरडलं जातं. तेव्हा नाही का कळलं, आता कशाला बोंबलतेस, अशी वाक्यं अजून ऐकू येतात, मांडीवर चापट मारली जाते. आणि हे सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. नीट साडी नेसलेली, शिकलेली, सोबत नवरा इंग्लिशमध्ये बोलणारा असला की तिला मॅडम. पारध्याची, कातकऱ्याची, भिल्लाची, वस्तीतली, चौथं बाळंतपण असलेली, एचआयव्ही असलेली, लग्न न झालेली, तिला अरे-तुरे. हीच बाई पुढच्या वेळी दवाखान्यात येत नाही, घरीच राहते, आणि मग आपण रिपोर्टमध्ये लिहितो की जनजागृतीचा अभाव. जागृती आहे तिला, चांगलीच आहे, तिला माहीत आहे इथे काय होतं. प्रसूतीच्या वेळी सोबत एक बाई असू द्यायची हे केंद्राने २०१६ लाच सांगितलंय, त्याला पैसे लागत नाहीत, एक पडदा आणि एक स्टूल लागतं, तरी कितीतरी ठिकाणी आईला, सासूला दाराबाहेर बसवतात. ज्या ज्या लेबर रूमला मिडवायफरी नीट शिकलेली सिनियर सिस्टर टिकून राहिली तिथे हे बदललेलं मी बघितलंय. ती ओरडत नाही म्हणून ज्युनियर ओरडत नाहीत, तिने सोबतीण आत घेतली की मावशी पण अडवत नाहीत.

मेळघाटात, सातपुड्यात, गडचिरोलीत तर भाषेचाच प्रश्न आहे. कोरकू, पावरी, माडिया बोलणाऱ्या बाईला आपण मराठीत जोर लाव म्हणून सांगतो आणि ती आपल्याकडे बघत राहते. त्याच समाजातल्या मुली बारावी करून घरी बसल्यात, त्यांना नर्सिंगला घ्या, हॉस्टेल द्या, शिकताना पैसे द्या, आणि मिडवाइफ करून त्यांच्याच भागात कायम नोकरी द्या, कंत्राट नको. एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) कंत्राटी सिस्टरला पुढच्या वर्षी ऑर्डर रिन्यू होईल का याचीच काळजी असते, तिने तिथे घर कसं करायचं, पोरांना कुठल्या शाळेत घालायचं? माहेरघर योजना चांगली आहे, लांबच्या पाड्यावरची बाई आधीच येऊन दवाखान्यात राहते, पण तिथे तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं कोणी असेल तरच ती थांबते, नाहीतर दुसऱ्या दिवशी निघून जाते. आणि गावातल्या जुन्या दायांना पण हाकलू नका, त्यांना सोबत घ्या, बाईचा विश्वास त्यांच्यावर आहे, त्या स्वतः तिला घेऊन आमच्याकडे येतात जर आम्ही त्यांना खुर्ची देऊन बसवलं तर.

मिडवाइफचे युनिट आधी जास्त डिलिव्हरी होणाऱ्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये काढायचं ठरलंय, मला त्याचं कारण समजतं, तिथे शिकायला केसेस मिळतात. पण शिकून झाल्यावर सगळ्या तिथेच राहिल्या तर ज्यांच्यासाठी हे सुरू केलं त्या बायकांपर्यंत ते पोचायला आमची पिढी संपेल. पहिल्या बॅचपासूनच निम्म्या तरी मिडवाइफ आदिवासी तालुक्यांत आणि ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या पट्ट्यांत गेल्या पाहिजेत, आणि एकटी नको, दोघी-तिघी मिळून, राहायला क्वार्टर, रात्री यायला-जायला गाडी, आणि अडलं तर ज्याला थेट फोन करता येईल असा जिल्ह्याचा स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवून दिलेला. नाहीतर पाठवणं म्हणजे शिक्षा दिल्यासारखंच होतं.

अधिकाराचंही लिहून द्या. नॉर्मल बाईला ॲडमिट करणं, तपासणं, डिलिव्हरी, डिस्चार्ज, आणि इमर्जन्सीत पहिला डोस देणं, हे मिडवाइफ स्वतःच्या सहीने करेल असे स्पष्ट लेखी आदेश प्रत्येक लेबर रूमच्या भिंतीवर पाहिजेत. आज काय होतं, काम आम्ही करतो, सही दुसऱ्याची असते, आणि काही बिनसलं की नोटीस आमच्या नावाने येते. माता मृत्यूच्या आढाव्याची मीटिंग शिकण्यासाठी असते असं गाइडलाइनमध्ये लिहिलंय, पण सगळ्यांसमोर सिस्टरला उभं करून तुम्ही काय करत होता विचारलं की ती पुढच्या वेळी काय करेल? पेशंट आली की हात न लावता रेफर करेल. अर्ध्या रस्त्यात होणाऱ्या मृत्यूंचं मूळ पुष्कळदा या भीतीत असतं.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. मिडवाइफची वेगळी केडर, म्हणजे स्वतंत्र सेवाश्रेणी, करा आणि तिची बढती लेबर रूमच्या आतच ठेवा, सिनियर मिडवाइफ, मग शिकवणारी मिडवाइफ, मग जिल्ह्याची मार्गदर्शक मिडवाइफ जी तालुक्या-तालुक्यात फिरून रात्रपाळीला सोबत उभी राहील, पगार परिसेविका-अधिसेविकेच्या बरोबरीचा. सिस्टर लोकांना खुर्ची नको असते असं मी म्हणणार नाही, ज्यांना प्रशासनात जायचंय त्यांनी जरूर जावं, ते पण काम महत्त्वाचंच आहे, पण ज्यांना बाईजवळ राहायचंय त्यांना पगार आणि पेशंट यातलं एक निवडायला लावू नका.

आणि हे सगळं व्हायला वेळ लागेल हे मला कळतं, वित्त विभाग आहे, पदभरती आहे. पण एक काम या महिन्यातच होण्यासारखं आहे. राज्यात मिडवायफरीचा १८ महिन्यांचा कोर्स केलेल्या सिस्टर किती, आणि त्यातल्या आज प्रत्यक्ष लेबर रूममध्ये ड्युटी करणाऱ्या किती, याची जिल्हानिहाय यादी जाहीर करा. ज्या दुसऱ्या वॉर्डला आहेत त्यांना परत लेबर रूमला लावायची ऑर्डर काढा, त्याला नवीन पद लागत नाही, नवीन पैसा लागत नाही. माझ्या बाबतीत विचाराल तर परिसेविकेच्या पदोन्नतीला मी लेखी नकार द्यायच्या तयारीत आहे, पण तो द्यायची वेळ माझ्यावर येऊ नये असं वाटतं. लेबर रूममध्येच राहून बढती मिळत असेल तर धडगाव, धारणी, भामरागड, म्हणाल तिथे जायला मी तयार आहे.

आपली नम्र,
शासकीय रुग्णालयातली एक नर्स-मिडवाइफ